केंद्रकातलं कडं

धाकटीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. अकरावीचं प्रात्यक्षिक चाललं होतं. कांद्याचा पापुद्रा काचेवर पसरायचा, त्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पेशी बघायच्या, एवढंच ते काम. पण मुलींना त्याचं दरवर्षी नवल वाटतं. "मॅडम, केंद्रक दिसलं," असं मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं. मी हाताने थांबा अशी खूण केली आणि फोन घेऊन व्हरांड्यात आले.

धाकटी म्हणजे माझी एकुलती एक बहीण. जिंतूरला दिलेली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते आणि सातवा महिना लागला होता.

"ताई, दवाखान्यात रक्त तपासलं होतं ना, त्यात काविळीचा जंतू निघालाय म्हणायलेत."

"कोणती कावीळ? नीट सांग."

"बी म्हणले. पण मला तर कावीळ कधी झालीच न्हाई. डोळे पिवळे न्हाईत, जेवण नीट जायलंय. चुकलं असंल का गं त्यांचं?"

"चुकलं असेल. पुन्हा तपासू," मी म्हटलं. म्हणताना मला आतून माहीत होतं की चुकलेलं नसणार. हिपॅटायटिस बी मी दरवर्षी शिकवते. हा विषाणू वर्षानुवर्षं काही न दाखवता राहतो, रक्तातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो, असं मीच फळ्यावर लिहून देते. मी आत येऊन मुलींच्या वह्या बघत राहिले, पण एकीचीही आकृती मला धड दिसली नाही.

धाकटीच्या नवऱ्याची तपासणी झाली. त्याच्यात काही निघालं नाही आणि त्याला लस सुरू केली. मग तिथल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, आई आहे का, भावंडं आहेत का? तिने मला सांगितलं आणि मी मायला. वडील गेल्यापासून माय माझ्याकडे परभणीतच राहते. आमचं मूळ गाव ताडकळसच्या बाजूला, मेंढरांवर जगलेलं घर. शहराच्या कडेच्या आमच्या दोन खोल्यांमागेही तिने दोन शेळ्या बांधल्यात, त्यांच्याशिवाय तिला करमत नाही.

"मला काय झालंय?" माय म्हणाली. "मी तर धडधाकट हाय. तिच्यासाठी म्हणतीस तर देते रगत, घ्या."

आम्ही दोघींनी एकाच बाकावर बसून रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी निकाल घ्यायला मी एकटीच गेले. दोघींतही होता.

दवाखान्यासमोर रिक्षावाले ओरडत होते. एकाने विचारलं, "कुठं जायचं, मॅडम?" मला सांगताच येईना. मी चालत सुटले आणि बाजारातून, बसस्टँडवरून, कुठून कुठून फिरत घरी पोचले. वाटेत सारखा माझा हात उजव्या बरगडीखाली जात होता. तिथे काही दुखत नव्हतं, हाताला काही लागत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या जागेचा विचारही केला नव्हता आणि आता दुसरं काही सुचत नव्हतं.

पोटविकाराच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघी मिळून गेलो. धाकटी जिंतूरहून सकाळच्या बसने आली होती. मी जीवशास्त्र शिकवते हे कळल्यावर डॉक्टर माझ्याकडे बघूनच बोलायला लागले. माय थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग मधेच म्हणाली, "साहेब, मला बी सांगा. जंतू माझ्यात हाय."

डॉक्टर थोडे ओशाळले. खुर्ची मायकडे वळवून म्हणाले, "मावशी, हा जंतू काळजात म्हणजे यकृतात राहतो. तुमच्यात बहुतेक जन्मापासूनच असेल."

"एवढी वर्षं आत बसलाय अन् मला कळलं न्हाई?"

"कळत नाही. तो पेशीला लगेच मारत नाही. पेशीच्या मधोमध एक गोळा असतो, केंद्रक म्हणतात. तुमचं नाक कसं, रंग कसा, पेशीनं काय काम करायचं, हे सगळं त्याच्यात लिहिलेलं असतं. हा जंतू तिथं आत जाऊन बसतो."

"मग काढून टाका की."

"तेच तर जमत नाही अजून. गोळी आहे, चांगली आहे. पण ती नवे जंतू तयार होऊ देत नाही, एवढंच. आत बसलेल्याला हात लावत नाही."

माय विचारात पडली. तिचं लहानपण मेंढरांमागे गेलेलं, तिला रोगराई त्यातूनच कळते. "आमच्या मेंढरांना देवी यायच्या," ती म्हणाली. "अंगभर फोड यायचे, ताप यायचा. जगायचं ते जगायचं, मरायचं ते मरायचं. पण दिसायचं तरी."

मी तिला घरी आल्यावर सांगितलं की मेंढरांच्या देवीचा विषाणू केंद्रकात शिरतच नाही. तो पेशीत शिरतो, पण केंद्रकाबाहेरच आपलं सगळं काम उरकतो. हा मात्र थेट आत जातो. तिने ऐकून घेतलं आणि शेळ्यांना पाला टाकायला उठली.

त्या भेटीत ठरलं ते असं. धाकटीच्या रक्तात विषाणूचं प्रमाण खूप होतं, म्हणून बाळाला धोका कमी व्हावा यासाठी तिला रोज एक गोळी सुरू झाली. मायचं यकृत थोडं कडक व्हायला लागलं होतं, म्हणून तिलाही गोळी, बहुधा कायमची. माझं यकृत चांगलं होतं आणि विषाणूही थोडेच होते. "तुम्हाला सध्या औषध नको," डॉक्टर म्हणाले. "दर सहा महिन्यांनी तपासत राहू." त्या दोघींच्या हातात काहीतरी होतं, गोळी होती, तिची वेळ होती. मला फक्त थांबायचं होतं, आणि थांबणं मला कधीच जमलेलं नाही.

मी वाचायला लागले. वर्गात शिकवण्यापुरतं माहीत होतं, त्याच्या पुढचं. हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरला की आपल्या कवचासकट केंद्रकापाशी जातो. केंद्रकाच्या आवरणाला बारीक छिद्रं असतात. पेशीची रोजची ये-जा त्यांतूनच चालते आणि तिथे कुणालाही सोडत नाहीत, ठरावीक खूण असलेल्यालाच आत घेतात. विषाणूच्या कवचावर तशीच खूण असते. तो आपला डीएनए त्या छिद्रातून आत सोडतो. हा डीएनए गोल असतो, पण अपुरा. त्याची एक बाजू अर्धवट असते. आणि तो पुरा कोण करतं, तर पेशीच. आपला डीएनए कुठे तुटला, कुठे उसवला, तर तो दुरुस्त करणारी जी प्रथिनं केंद्रकात असतात, ती याचंही काम करून देतात. मग त्याचं बंद कडं होतं. पेशी स्वतःचा डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळते त्यांवरच हे कडंही गुंडाळलं जातं आणि आमच्या जनुकांच्या शेजारी ते राहतं. पेशी आमच्या नकला काढते तशा त्याच्याही काढते.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि अंगणात येऊन उभी राहिले. आजार म्हणजे बाहेरून काहीतरी येतं आणि शरीर त्याच्याशी लढतं, असंच मी धरून चालले होते. इथे माझ्याच पेशींनी त्याला नीट शिवून दिलं होतं, आणि तेही मी बोलायला शिकण्याआधी. मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. "बस की जरा," माय म्हणाली. "तुझ्यामुळं शेळ्या बी बसंनात."

तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. एका दुपारी तांदूळ निवडताना ती अचानक म्हणाली, "दादाला बी हेच होतं का गं?"

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मामा. मी शाळेत असताना तो गेला. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारा काटक माणूस, पण शेवटी त्याचे पाय सुजले, पोट पाण्याने फुगलं आणि डोळे हळदीसारखे झाले. गावाने एकच गोष्ट धरली, की लपून दारू पीत असणार. त्याने कधी दारूला हात लावला नव्हता. मामी हे सगळ्यांना सांगून बेजार झाली होती, पण लोक तिच्यासमोर माना डोलवायचे आणि मागे हसायचे.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारलं. "तपासलेलं नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण दोघांची आई एकच असेल तर शक्यता बरीच आहे. दारू न पिताही यकृत असं जातं."

पुढच्या सोमवारी माय एकटीच बसने माहेरच्या गावी गेली. मामी म्हातारी झालीय, तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून मायला ओरडून सांगावं लागलं, आणि ते शेजारच्या चार घरांनी ऐकलं. "बरं झालं ऐकलं ते," परत आल्यावर माय म्हणाली. मामीने काय केलं, असं मी विचारलं. "काय करंल? रडली. मग भाकरी टाकली मला."

मला वाटलं, त्यानंतर तिचं मन हलकं होईल. पण तसं झालं नाही. ती आता उलट बाजूने मोजायला लागली. आईकडून तिला आणि दादाला, तिच्याकडून आम्हा दोघींना. "माझ्या पोटातून तुमाला हेच मिळालं का?" असं तिने एकदाच विचारलं. मी रागावले तिच्यावर. म्हटलं, "तुला माहीत होतं का? डोळ्यांनी दिसतं का ते?" मला मऊ बोलायचं होतं, पण त्या दिवसांत माझ्या तोंडून सगळं फटकळच निघायचं.

तिकडे जिंतूरला वेगळा त्रास सुरू झाला. धाकटीच्या सासूने तिचं ताट आणि तांब्या वेगळा केला. धाकटी फोनवर रडली नाही, पण इतकं हळू बोलली की मला सारखं "काय म्हणालीस?" असं विचारावं लागलं. रविवारी मी गेले. सासूबाईंनी चहा दिला. मलाही वेगळ्याच कपात दिला, ते माझ्या लक्षात आलं.

मी म्हटलं, "मावशी, हे जेवणातून होत नाही. ताटातून, पाण्यातून, एका अंथरुणावर बसून होत नाही. तुमच्या मुलाला लस दिलीय. तुम्हीही घ्या, म्हणजे तुमची भीती जाईल."

"मी काय तिला उपाशी ठेवायले का?" त्या म्हणाल्या. "जपायलाय आमी तिला. घरात लेकरं येतेत-जातेत, कुणाला झालं तर?"

"नाही होणार."

"तुमी शिकलेल्या हायत, तुमी म्हणताल. मला भ्या वाटतंय, त्याचं काय करू?"

मलाही भीती वाटत होती, आणि मला तर सगळं माहीत होतं. ताट वेगळंच राहिलं. मी निघाले तेव्हा धाकटी दारापर्यंत आली आणि म्हणाली, "जाऊ दे ताई, बाळ चांगलं निघालं की सगळं नीट हुईल." त्या वाक्याने मला परतीच्या सगळ्या वाटेवर बेचैन केलं. बाळ चांगलं निघालं नाही तर, हे ती बोलली नव्हती.

बाळाला जन्मल्यावर लगेच दोन सुया द्यायच्या होत्या. एक लस, ती सरकारी दवाखान्यात मिळतेच. दुसरी तयार प्रतिकारशक्तीची, जी बाळाच्या रक्तात आलेल्या विषाणूला पेशीत शिरण्याआधीच धरते. ही सगळीकडे मिळत नाही. परभणीतल्या औषधवाल्याने मागवून दिली आणि आमच्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगितली. धाकटी नवव्या महिन्यात आमच्याकडे येणार, बाळंतपण परभणीत होणार, असं ठरलं होतं. सुई काही तासांत दिली तरच उपयोगाची. एकदा विषाणू यकृतात पोचला, केंद्रकात जाऊन बसला, की मग कुठलीच सुई तिथवर जात नाही. तेवढी वेळेची फट आमच्या हातात होती. लाइट गेली की मी फ्रिजपाशी जाऊन उभी राहायचे. माय ओरडायची, "सारखं उघडू नको, गारवा जाईल."

आणि धाकटीचे दिवस भरायच्या आधीच एका सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. "ताई, कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात आणलंय, इथंच जिंतूरला. परभणीला न्यायला वेळ न्हाई म्हणायलेत."

मी आंघोळीला निघाले होते. तशीच फिरले. थर्मासमध्ये बर्फ भरला, सुईचं खोकं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवलं. मग आठवलं की बर्फाला टेकून औषध गोठलं तर वाया जाईल. सगळं बाहेर काढलं, मधे कापडाची घडी घातली. माय म्हणाली, "मी बी येते," आणि चप्पल शोधायला लागली. शेळ्यांचं काय, असं मी विचारलंही नाही.

जिंतूरची बस लागलेलीच होती. जागा मिळाली. मी थर्मास मांडीवर घट्ट धरून बसले आणि बस सुटेना. कंडक्टर कुणाशी तरी बोलत होता. मी खिडकीतून ओरडले, "अहो, निघा ना!" आजूबाजूचे बघायला लागले. मायने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पोरगी बाळंत व्हायलीय, औषध न्यायलोय." मग पुढे बसलेला एक म्हातारा ड्रायव्हरला म्हणाला, "चल रे बाबा." बस निघाली.

बोरी गावाच्या अलीकडे रस्त्यावर मेंढरं आडवी आली. मोठा कळप होता. ड्रायव्हर हॉर्न देत राहिला, मेंढरं आणखीच गोंधळली. माय उठून खिडकीतून वाकली आणि जिभेने असा काही आवाज काढला, तिच्या माहेरच्या रानातला, की पुढची दोन-तीन मेंढरं वळली आणि त्यांच्यामागे सगळी बाजूला गेली. धनगर आमच्याकडे बघत राहिला. मायचा चेहरा मात्र रडवेला झाला होता. ती बसली आणि म्हणाली, "बर्फ हाय का बघ अजून." होता.

दवाखान्यात पोचलो तेव्हा बाळ झालं होतं. मुलगा. थोडा लहानखुरा, पण मोठ्याने रडत होता. मी थर्मास नर्सच्या हातात दिला. नर्सने खोकं हातात घेऊन बघितलं, डॉक्टरांना दाखवलं आणि म्हणाली, "वेळेत आणलंत." एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत ही सुई. बाळ दोन्ही वेळा किंचाळलं. धाकटीने डोळे मिटून घेतले होते.

थोड्या वेळाने सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आत यावं की नाही असं त्यांना झालं होतं. "दूध पाजायचं का तिनं?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"पाजायचं. बिनधास्त पाजू द्या."

त्या तरी तशाच उभ्या राहिल्या. मग माय उठली, बाळ उचललं आणि काही न विचारता विहिणीच्या हातात दिलं. सासूबाईंनी ते घेतलं. आधी अंगापासून लांब धरलं, मग ते हलायला लागलं तसं छातीशी आणलं. "किती हलका हाय," एवढंच त्या म्हणाल्या. ताट एकत्र व्हायला त्यानंतरही बरेच आठवडे गेले. ते केव्हा झालं हे धाकटीलाही नीट सांगता येत नाही. एक दिवस तिने बघितलं तर तिचं ताट सगळ्यांच्या ताटांत घासून ठेवलेलं होतं.

पुढे बाळाच्या लशी होत गेल्या. पण सुई लागू पडली की नाही, हे तो वर्षाचा होत आल्याशिवाय कळणार नव्हतं. त्याआधी तपासण्यात अर्थ नसतो. मी त्या काळात फार बरी वागले नाही. कॉलेजात छोट्या गोष्टींवरून चिडले. केंद्रकाचा धडा आला तेव्हा फळ्यावर गोल काढला, छिद्रं दाखवली. मग पुस्तकात नसलेलं पुष्कळ सांगितलं, घंटा झाली तरी सांगत राहिले. लशीबद्दल सांगितलं, घरच्यांना तपासून घ्या म्हटलं. काही मुलींनी खरंच घरी विचारलं, असं नंतर कळलं.

बाळाचं रक्त काढलं त्या दिवशी धाकटी आमच्याकडे राहायला आली. निकालासाठी मी आणि तिचा नवरा गेलो. विषाणू नव्हता, आणि लशीने प्रतिकारशक्ती पुरेशी तयार झाली होती. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा आम्ही दोघंही नुसते बघत राहिलो होतो. घरी आल्यावर धाकटीने ऐकलं आणि बाळाला घेऊन ती सरळ मागच्या अंगणात गेली, शेळ्यांपाशी. तिला तिथे रडायचं होतं, आम्ही तिला रडू दिलं. माय म्हणाली, "आता पुरणाचं करू का?" आणि उत्तराची वाट न बघता डाळ काढली.

माझी बेचैनी गेली असं नाही. आमच्या तिघींच्या पेशींत ते कडं आहेच. ते काढायचं कसं, यावर कुठे कुठे काम चालू आहे. मी वाचत असते, कधी आशा वाटते, कधी पान उलटवत नाही. दर सहा महिन्यांनी आम्ही तिघी एकदमच रक्त द्यायला जातो, कारण एकटीने गेलं की मला तिथून पळून यावंसं वाटतं. मागच्या खेपेला रांगेत शेजारी बसलेल्या एका बाईने मायला विचारलं, "तुमाला काय झालंय, मावशी? शुगर का?"

मी मायच्या हाताला हात लावला, सांगू नको म्हणून. तिने तो बाजूला केला.

"काविळीचा जंतू हाय," ती म्हणाली. "मला हाय, ह्या दोघींना हाय. नातवाला न्हाई. तुमी तपासलं का कधी?"

ती बाई थोडी सरकली. मग पुन्हा होती तिथे आली आणि विचारू लागली, कुठं तपासतात, उपाशीपोटी यावं लागतं का.